कावळ्यानं यादी हरवली

पूर्वी माणसं रांगेनं मरत. बाईनं सत्तरीला जायचं, पुरुषानं ऐंशीला. पांढऱ्या केसांच्या आधी काळ्या केसांनी जायचं, अशी पद्धतच नव्हती. कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात जेजू नावाचं बेट आहे, तिथली ही कथा. एकदा परलोकाचा दूत गांगनिम नावांची यादी घेऊन निघाला आणि वाटेत दमला. कावळा म्हणाला, द्या इकडे, माझ्या पंखाला बांधा, मी पोचवतो. कावळा उडाला. खाली कुठंतरी घोडा कापत होते. रक्ताचा थेंब मिळेल, मांसाचा तुकडा मिळेल म्हणून तो तिथंच घुटमळला. कापणाऱ्यानं एक खूर भिरकावला तसा कावळा दचकून उडाला आणि यादी खाली पडली. ती सापानं गिळली, म्हणून साप नऊदा मरून दहाव्यांदा जगतो म्हणे. कावळ्यानं आधी घारीवर आळ घेतला, तिच्याशी कडाकडा भांडून झालं, आणि शेवटी रिकाम्या पंखांनी गावात जाऊन तो तोंडाला येईल ते ओरडत सुटला. पोरं या, म्हातारे या, बाप या, लेक या! तेव्हापासून मरणाची रांग मोडली ती मोडलीच. गांगनिमनं नंतर कावळ्याच्या पोटऱ्या फोडून काढल्या, म्हणून तो अजून टुणटुण उड्या मारत चालतो.

दहाव्याच्या घाटावर पिंडाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या लोकांना कावळा आणि मरण यांचं नातं कुणी समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे कावळा निदान हिशेब ठेवतो. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर शिवत नाही. जेजूच्या कावळ्यानं हिशेबच हरवला.

माझा एक मावसभाऊ ऐन पंचविशीत गेला. तेराव्यापर्यंत घरात येणारा प्रत्येक जण एकेक कारण घेऊन येत होता. कुणी पत्रिकेतला शनी काढला, कुणी घराचं दक्षिणेकडचं दार, कुणी मागच्या जन्मीचं देणं, आणि ज्यांना यातलं काही सुचलं नाही ते म्हणाले की देवाला चांगली माणसंच लवकर लागतात. मावशी सगळ्यांना चहा देत होती. पुढं कधीतरी तिनं बोलून दाखवलं, की त्यातल्या प्रत्येक कारणात तिला स्वतःवर एक ठपका ऐकू येत होता. पत्रिका नीट का नाही बघितलीस, दार का नाही बदललंस, काय केलं होतंस गेल्या जन्मी. गांगनिमची कथा वाचली तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग मावशी आठवली. तिला कुणीतरी तेव्हा एवढंच सांगायला हवं होतं, की बाई गं, तुझा काही दोष नाही, एका हावरट कावळ्यानं कागद पाडला.

कोरियात अशा कथा गाऊन सांगतात. सांगणारी बहुधा बाई असते. तिला मुदांग म्हणतात, जेजूवर सिमबांग, आणि तिथं पुरुष सिमबांगही पुष्कळ. ज्या विधीत त्या गायल्या जातात तो ‘गुत’. घरात मरण झालं, आजारपण हटेना, बोटी समुद्रात जायच्या असल्या की गुत घालतात. ढोल वाजतो, घंटा वाजतात, पाटावर फळं आणि भाताच्या वड्या रचलेल्या असतात, आणि देवांना बोलावताना त्या-त्या देवाची जन्मकथा सांगावी लागते. ती ऐकल्याशिवाय देव येत नाही. जेजूवर तर अठरा हजार देव आहेत असं म्हणतात. सगळ्यांच्या कथा अर्थातच उरलेल्या नाहीत, पण ज्या उरल्यात त्या वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहते. यातला जवळजवळ प्रत्येक देव आधी कुणीतरी छळलेला, टाकलेला, विकलेला, फसवलेला माणूस आहे.

खुद्द गांगनिमच बघा. तो एका परगण्याच्या अधिकाऱ्याच्या पदरी असलेला शिपाईगडी, वेशीच्या आत नऊ आणि बाहेर नऊ बायका सांभाळणारा रंगेल माणूस. एका बाईचे तीन मुलगे एकाच दिवशी मेले आणि ती रोज कचेरीत तक्रारअर्ज टाकू लागली. वैतागलेल्या अधिकाऱ्यानं गांगनिमला हुकूम सोडला, की जा, यमालाच धरून आण. (हा यम आपलाच. भारतातून चीनमार्गे तिकडं पोचेपर्यंत त्याचा योमरा झाला.) गांगनिमनं खरोखरच त्याला आणला. यमाला हा माणूस इतका आवडला की त्यानं अधिकाऱ्याकडं त्याची मागणी केली. म्हणाला, वाटून घेऊ. तुला देह हवा की प्राण? अधिकाऱ्यानं सरकारी अक्कल लढवून देह मागितला. यम प्राण घेऊन निघून गेला आणि गांगनिम उभ्याचा कोसळला. कोरियन मालिकांत रुंद काठाची काळी टोपी घालून फिरणारा देखणा यमदूत ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना नसेल, की जेजूवर या खात्यातला सगळ्यात नावाजलेला दूत दोन साहेबांच्या वाटणीत नोकरीला लागलाय.

मग हे असं जग चालवतो कोण? जेजूवर याचंही उत्तर तयार आहे. आकाशाच्या राजाला दोन जुळे मुलगे, थोरला देब्यल आणि धाकटा सोब्यल. माणसांचं जग कुणी चालवायचं आणि मेलेल्यांचं कुणी, हे ठरवायला पैज लागली. दोघांनी एकेक फूल लावायचं, ज्याचं बहरेल त्याला जिवंतांचं राज्य. थोरल्याचं फूल डवरलं, धाकट्याचं सुकत चाललं. धाकट्यानं झोपायचं सुचवलं, थोरला झोपला, आणि यानं कुंड्या बदलल्या. थोरला उठला तेव्हा त्याला सगळं कळलं. पण तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, की घे, पण तुझ्या राज्यात चोऱ्या होतील, खून पडतील, लोक दुसऱ्याच्या संसारात डोकावतील. माझ्या राज्यात मात्र कायदा साफ असेल. म्हणून मेल्यावर न्याय मिळतो आणि जिवंतपणी मिळत नाही.

हीच कथा मुख्य भूमीवर, थेट उत्तरेच्या हामहुंगमध्येही सापडते. सन जिन-थे या अभ्यासकानं १९२३ साली तिथल्या एका मुदांगकडून ती उतरवून घेतली. तिथं पैज लावणारे दोघे आहेत मैत्रेय, म्हणजे पुढं येणारा बुद्ध, आणि शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध. गुडघ्यावर फूल उगवायचं, आणि मैत्रेय झोपल्यावर शाक्यमुनी ते ढापतो! आपल्याकडच्या वाचकाला इथं ठेच लागेल, मलाही लागली. पण या गाण्यातल्या शाक्यमुनीचा तथागताशी संबंध फक्त नावापुरता आहे. राजाश्रय असलेल्या मोठ्या धर्मांची नावं गावातल्या बायकांनी आपल्या कथेत ओढून घेतली आणि त्यांना आपल्याला दिसत होतं तसं जग चालवायला लावलं. हरलेला मैत्रेय जाताना म्हणतो, की तुझ्या काळात घराघरात विधवा निपजतील, खाटीक निपजतील, राजद्रोही निपजतील, आणि मुदांगही निपजतील. गाणारी मुदांग त्या शापाच्या यादीत स्वतःचंही नाव गात असते.

आता बारीकडे वळते. कोरियाच्या मुख्य भूमीवरच्या मुदांगांची ती मूळ माता, आणि मेलेल्यांना पलीकडं पोचवणारी. तिची कथा तिथं सगळीकडं गातात, प्रांतागणिक बदलते. मी सोलच्या परंपरेतली सांगते.

राजा ओगूला ज्योतिषानं बजावलं होतं. यंदा लग्न केलंत तर सात मुली होतील, पुढच्या वर्षी केलंत तर तीन मुलगे. राजाला दम धरवला नाही. मुली होत गेल्या. सातवीही मुलगी म्हटल्यावर राजानं तिला पेटीत घालून पाण्यात सोडायला लावलं. बारी म्हणजे टाकलेली. यावर नाक मुरडायचा आपल्याला काही हक्क नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली होती, कारण त्यांची घरातली, शाळेतली, कागदोपत्री नावं ‘नकुशा’ होती.

पेटी वाहत गेली, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्यानं मुलीला वाढवलं. ती पंधराची झाली तेव्हा राजा-राणी दोघंही आजारी पडले. औषध एकच, दूर पश्चिमेच्या देशातलं पाणी. सहाही मुलींना विचारून झालं. एकीचं म्हणणं, मागच्या बागेत फुलं बघायला गेले तरी मला पूर्व-पश्चिम कळत नाही, मी कुठली तिकडं जाते! मग टाकलेलीला शोधून काढतात आणि तिला विचारतात. बारीचं उत्तर या कथेतलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे. राज्याचं मी काही देणं लागत नाही, ती म्हणते; पण आईच्या पोटात दहा महिने राहिले होते, तेवढ्यासाठी जाते. देणं किती आणि कुणाचं, हे तिनं नेमकं मोजलंय. बापाचं नाव त्यात नाही.

पुरुषाचा वेश, लोखंडी जोडे, लोखंडी काठी. वाटेत नरक लागतात. तिच्या हातात बुद्धानं दिलेलं फूल असतं. ते तिनं हलवल्यावर लोखंडी भिंती ढासळतात आणि आतून माणसं लोटत बाहेर येतात, कुणाला डोळे नाहीत, कुणाला हात नाहीत, कुणाला पाय नाहीत, कुणाला डोकंच नाही. ती त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणते आणि पुढं चालू लागते. त्यांनी कोणती पापं केली होती याची चौकशी ती करत बसत नाही.

औषधाच्या पाण्याचा राखणदार मुजांगसंग हा एक अगडबंब पुरुष आहे. डोळे दिव्याएवढे, तोंड ताटाएवढं. तो विचारतो, वाटेचे पैसे आणलेस? विस्तवाचे? पाण्याचे? ती घाईत निघालेली, काही आणलेलं नाही. मग तीन वर्षं लाकडं फोड, तीन वर्षं चूल सांभाळ, तीन वर्षं पाणी भर. ती नऊ वर्षं संपली तसं तो म्हणतो, आता माझ्याशी लग्न कर आणि सात मुलगे दे. तेही होतं. इतकं सगळं झाल्यावर ती म्हणते, आता तरी पाणी द्या, आईबाप मरतील. त्यावर तो जे सांगतो ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तू रोज भरत होतीस तेच ते पाणी. तू रोज कापत होतीस तेच ते औषधी गवत.

इथं माझं आणि या कथेचं भांडण आहे. वर्षानुवर्षं बाई ज्या घरात राबते त्याच घरात तिचं औषध होतं, असं म्हणणं फार सोयीचं आहे. सासू-सासऱ्यांच्या अंथरुणाशी उभी हयात घालवलेल्या बायकांच्या सत्काराच्या भाषणात असलीच वाक्यं असतात. कोरियात चोसन या शेवटच्या राजवटीत आईबापांची सेवा हाच परमधर्म होता, आणि बारीच्या कथेवर त्याची गडद छाप आहे, हे उघड आहे. टाकलेल्या मुलीनंच येऊन बापाला वाचवायचं, ही शिकवण म्हणून ऐकली तर अंगावर काटा येतो.

पण पुढं काय होतं बघा. ती परतते तेव्हा आईबापांची प्रेतयात्रा निघालेली असते. ती तिरडी थांबवते. हाडं जुळवणारं फूल, मांस भरणारं फूल, श्वास आणणारं फूल, आणि ओठात पाणी. दोघं उठून बसतात. राजा म्हणतो, अर्धं राज्य घे. ती नको म्हणते. ज्या घरानं टाकलं त्या घरात ती राहायला जात नाही, त्या गादीवर बसत नाही. मेलेल्यांना वाट दाखवायचं काम ती मागून घेते. वाढवणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला मेलेल्यांच्या वाटेवरचा पथकर मिळतो, मुलगे परलोकात न्यायाधीश होतात, नवऱ्याचीही सोय लागते. ज्यांनी तिला वाढवलं आणि जे तिच्या पोटचे, त्यांची नेमणूक तिच्या खात्यात होते. सहा बहिणींचं काय झालं ते कुणी धड सांगत नाही, आणि मला त्याची पर्वाही नाही.

हे काम ती का मागते, याचं कारण परतीच्या वाटेवर आहे. नदीत मेलेल्यांच्या नावा चाललेल्या असतात. काही फुलांनी सजलेल्या, गाणी म्हणत जाणाऱ्या. आणि एका नावेत दिवा नाही, वर चंद्र नाही, ती नुसतीच भरकटतेय. त्यात कोण? बाळंतपणात गेलेल्या, आणि ज्यांच्या मागं रडायला मूलबाळ नाही असे. वंशाच्या हिशेबात ज्यांना जागा नाही त्यांना पितरांच्या पाटावरही जागा नसते. सातव्या मुलीला ते ओळखता आलं, तर नवल नाही.

सोलमधला मोठ्या थाटाचा मृत्युविधी म्हणजे सेनाम-गुत. १९९६ पासून तो सरकारी वारसा म्हणून जपला जातो. त्याच्या चित्रफिती मी बघितल्यात. बारीची कथा सुरू होताना मुदांग राजकन्येचा लाल घागरा आणि मोठा केशसंभार चढवते. एरवी आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी वाजवायचा तो ढोल ती इथं उभा करते, एका हातानं त्याच्यावर ठोके देते, दुसऱ्या हातात घंटांचा झुबका. आणि बसून गात राहते, तासन्‌तास. आधीचं नाचणं, उड्या, आरोळ्या सगळं थांबतं. घरची माणसं समोर बसलेली असतात, काही जण पेंगतात, एखादी बाई नाक पुसत असते. नंतर मुदांग काट्यांच्या दाराभोवती फेऱ्या घालते आणि घरचे हातात मेलेल्याचे कपडे घेऊन तिच्या मागून चालतात. दारावरचा रखवालदार पैसे मागतो. सगळीकडंच मागतात. शेवटी दोन लांब पट्टे ताणून धरतात, एक सुती, एक तागाचा. सुती म्हणजे या जगाचा पूल, तागाचा म्हणजे त्या जगाचा. मुदांग छातीनं कापडात शिरते आणि ते मधोमध फाडत टोकापर्यंत चालत जाते. कापड फाटण्याचा तो करकर आवाज ध्वनिमुद्रणातही अंगावर येतो. पूल ओलांडून झाला, आता परत येता येणार नाही.

त्याच विधीत थोडं आधी यमदूताचा एक प्रवेश असतो, तो मात्र चक्क वगासारखा. दूत झालेली मुदांग मेलेल्याचा आत्मा ओढून न्यायला झडप घालते, घरचे आडवे येतात, घासाघीस होते, वाटखर्ची मागितली जाते, पाचकळ विनोद होतात. दोन तासांपूर्वी रडून सुजलेली माणसं खळखळून हसतात. 

जेजूची एक कथा यापेक्षा कडू आहे. सारा नावाच्या तरुणाला स्वर्गातल्या फुलबागेची राखण करायला बोलावणं येतं. बायको वंगांगाम गरोदर, तिला चालवेना. वाटेत ती म्हणते, मला इथंच कुणा श्रीमंताला विकून तुम्ही पुढं व्हा. नवरा विकतो आणि जातो. मालक रोज रात्री दाराशी येतो. ती रोज एक सबब सांगते. मूल जन्मू दे, मूल रांगू दे, मूल नांगर धरू दे. सबबी संपतात आणि छळ सुरू होतो. मुलगा हाल्लाक्गुंगी मोठा होतो, आणि एक दिवस आईकडं भाजलेले दाणे मागतो. ती सोयाबीनचे दाणे तव्यावर टाकते. यानं उलथनं लपवून ठेवलेलं असतं. करपतायत, हातानंच हलव ना, म्हणतो. ती हात घालते, आणि हा तिचा हात तापलेल्या दाण्यांवर दाबून धरतो: सांग, माझा बाप कोण?

हा मुलगा कथेचा नायक आहे. पुढं तोच फुलबागेचा देव होणार आहे. आणि गाणारे हा प्रसंग गाळत नाहीत, सावरून घेत नाहीत. छळलेल्या बाईचा मुलगाही तिला छळू शकतो, एवढं ते सांगतात आणि पुढं जातात. मला यातला प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. दुःख भोगलेली माणसं आपोआप मऊ होतात, असं मानायची आपल्याला खोड असते.

मुलगा पळतो. मागं कुत्रे सोडतात; तो त्यांना मिठानं खारट केलेल्या भाकऱ्या टाकतो, ते पाण्याच्या शोधात भरकटतात. वाटेत पाणी लागतं, आधी पावलाला लागणारं, मग गुडघ्याएवढं, मग गळ्याएवढं. बाप भेटल्यावर उलगडा करतो. ते पाणी तुझ्या आईचे अश्रू. पहिल्या मारहाणीचे, दुसऱ्या, आणि शेवटच्या. म्हणजे तो गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होता तेव्हा तिकडं मालक तिला मारून टाकत होता. मुलगा फुलं घेऊन परततो, आईला उठवतो, मालकाच्या सगळ्या खानदानाचा विषारी फुलानं निकाल लावतो. सूड गोड असतो वगैरे ठीक आहे. पण त्या बापाला जाब विचारणारं फूल बागेत नव्हतं का, हा माझा प्रश्न तसाच आहे.

देवीच्या रोगाचीही कथा आहे. आपण जशी ‘देवी’ म्हणून मान देत होतो, तशी कोरियात तिला ‘पाहुणे’ म्हणत. जेजूवर हा देव पुरुष, मोठा मिजासखोर. रस्त्यात त्याला बाळंतपणाची देवी भेटते, गुडघे टेकून म्हणते, माझ्या लेकरांवर जरा हलक्या हातानं फुलं काढा. तो ओरडतो, बाई माणूस, पुरुषाच्या वाटेत आडवी येतेस! आणि मुलांचे चेहरे पार फोडून टाकतो. ही घरी जाते आणि त्याच्याच बायकोला गरोदर करते. नऊ महिने, दहा महिने, बारा महिने, सुटका नाही. बायको मरणाला टेकते तेव्हा तो डोकं भादरून, अनवाणी, तिच्या दारात गुडघे टेकतो. ती म्हणते, मी तुझ्या घरी यायला हवंय ना, मग रेशमी कापडाचा पूल घाल. तोही घालतो. व्रणांनी भरलेल्या लेकरांच्या आयांनी ही कथा किती चवीनं ऐकली असेल, याची मी कल्पना करू शकते.

आणि या कथा सांगणाऱ्या बायका? चोसन काळात मुदांगांची गणना खाटीक, गुलाम यांच्याबरोबर हीन लोकांत होई, राजधानीच्या तटबंदीत राहायची मनाई असे. १९७० च्या दशकात ग्रामसुधारणेच्या सरकारी मोहिमेत अंधश्रद्धा म्हणून देवळ्या पाडल्या, विधी बंद पाडले. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांच्या राज्यात वाढलेली मी, माझा जीव इथं दोन्हीकडं ओढला जातो. आजारी माणसाच्या घरून हजारो रुपये उकळणारा देवऋषी मला ठाऊक आहे, आणि तसे मुदांगही आहेत. तरी पोलिसी दंडुक्यानं देव्हारे फोडणं वेगळं. कोरियाच्या मध्य भागात तर मुदांग व्हायचं ते आजारानंच. अन्न तुटतं, झोप तुटते, स्वप्नं पडतात, डॉक्टरला काही सापडत नाही, आणि दीक्षा घेतली की बरं वाटतं. यात मनाचे कोणते खेळ आहेत ते तज्ज्ञांनी सांगावं. जेजूच्या कथेत पहिली मानवी सिमबांग झालेली मंत्र्याची मुलगीही अशीच, आयुष्यभर तिचे डोळे जात आणि परत येत राहिले.

जेजूवर या विधींना विसाव्या शतकात एक भयंकर काम पडलं. ३ एप्रिल १९४८ ला बेटावर डाव्यांचा उठाव झाला आणि तो मोडायला आलेल्या सैन्य, पोलीस आणि उजव्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. १९५४ पर्यंत हे चाललं. सरकारी अहवालाचा अंदाज २५ ते ३० हजार मेल्याचा, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येचा साधारण दहावा हिस्सा. त्यानंतर कित्येक दशकं याबद्दल तोंड उघडणं म्हणजे कम्युनिस्ट ठरणं. मेलेल्याच्या मुलांना, भाच्यांना नोकऱ्या नाकारल्या जात. स्मारक नाही, यादी नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही.

पण घरात गुत घालता येत होता. त्यात एक भाग असतो, जिथं सिमबांग मेलेल्याच्या तोंडून बोलते, आणि रडत बोलते. कुठल्या खाचरात गोळी लागली, कुणाच्या हाकेनं बाहेर आलो, अंगावर कोणते कपडे होते, अजून थंडी वाजते. बाहेर ज्याचा उच्चार गुन्हा होता ते ढोलाच्या आवाजात, घरच्या चार भिंतीत, मेलेला स्वतः सांगत होता. आणि मेलेल्यावर खटला कसा भरणार? २००० साली या हत्याकांडाच्या चौकशीचा कायदा झाला, २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी जेजूच्या लोकांची माफी मागितली. तोवर सिमबांगांनी ही साक्ष पन्नासेक वर्षं चालू ठेवली होती. सरकारी यादी तयार व्हायच्या आधी या बायकांच्या तोंडी यादी होती. कावळ्यानं हरवलेली नव्हे, तर माणसांनी लपवलेली.

शेवटी सामानी. हा माझा लाडका. तो एक निरुद्योगी माणूस. बायकोनं स्वतःचे केस कापून दिले, विक आणि तांदूळ आण म्हणून, तर यानं बंदूक आणली. शिकारीत काही मिळेना. रानात एक बेवारस कवटी पायाला लागली, ती त्यानं घरी आणून पुजली, आणि घराची भरभराट झाली. एक दिवस कवटीनं सांगितलं, तुझं आयुष्य तीस वर्षांचं, उद्या तीन दूत येतायत. वाटेवर जेवण मांडून ठेव, तीन टोप्या, तीन पट्टे, तीन जोडी जोडे, आणि लपून बस. दूत उपाशी आले, आधी जेवले, जोडे चढवले, आणि मग बघतात तर ताटाखाली नाव सामानीचं. खाल्ल्या मिठाची पंचाईत! परत जाऊन त्यांनी दप्तर उघडलं आणि ‘तीस’मधल्या दहाच्या चिनी आकड्यावर एक तिरपी रेघ ओढली. दहाचे हजार झाले. सामानी तीन हजार वर्षं जगला. जेजूवर आजही संकट टाळायच्या विधीत दूतांपुढं पान मांडतात आणि ही कथा सांगतात. वरचा मालक कुंड्या बदलून बसलेला, तर खालच्या कारकुनानं आपल्यासाठी एक रेघ ओढली तर बिघडलं कुठं!

पुढं सामानी पकडला गेला, तोही गांगनिमकडूनच. गांगनिम ओढ्याकाठी बसून कोळसे धूत राहिला. एक म्हातारा थांबला, विचारलं, काय करतोस? पांढरे होईपर्यंत धुतोय, गांगनिम म्हणाला. म्हातारा हसला, अरे, मी तीन हजार वर्षं जगलो, पण कोळसा धुवून पांढरा करणारा शहाणा आज पहिल्यांदा बघतोय.

गांगनिमनं दोर काढला.